कंपनी झेडपीची शाळा दत्तक घ्यायला आली तर काय काय विचारायचं (अमेरिकेत काय झालं ते बघून)

आपल्याकडं साताऱ्यात पाटण, जावळीच्या वाड्यांमधून हल्ली एक बातमी फिरत असते, कुठल्यातरी कंपनीचा सीएसआर (समाजकामाचा निधी) येणार, शाळा दत्तक घेणार, रंग मारणार, टॅब देणार आणि पाटीवर आपलं नाव लावणार. राज्य सरकारच्या सप्टेंबर २०२३ च्या जीआरनं हे अधिकृत झालं. ग्रामीण भागात ५ वर्षांसाठी ५० लाख, १० वर्षांसाठी १ कोटी किमतीच्या वस्तू-सेवा द्यायच्या, रोख नाही, आणि देणाऱ्याला हवं असेल तर शाळेला नाव. आता ज्या शाळेचा पत्रा गळतोय आणि संडासात पाणी नाही त्या शाळेला "मदत घेऊ नका" असं मी तरी सांगणार नाही. घ्या की. मदत घ्या, चाव्या देऊ नका, एवढंच. आणि चाव्या नेमक्या कुठं असतात हे बघायचं असेल तर अमेरिकेकडं बघा, तिथं हे सगळं आपल्या आधी तीस वर्षं आणि आपल्या शंभरपट पैशात होऊन गेलंय.

थोडक्यात माहिती. तिथं चार्टर शाळा असतात, पैसा सरकारचा, फी नाही, पण चालवणारी संस्था खासगी. पहिला कायदा मिनेसोटा राज्यात १९९१ ला झाला. गंमत म्हणजे १९८८ ला ही कल्पना उचलून धरली ती शिक्षक संघटनेचाच पुढारी अल्बर्ट शँकर यानं, त्याला वाटलं शिक्षकांना प्रयोग करायला मोकळीक मिळेल, पुढं त्यात कंपन्या शिरल्या तसा तोच विरोधात गेला. आणि हे एका पक्षाचं काम नाही बरं का. रिपब्लिकन बुशनं २००२ ला परीक्षेचा कायदा आणला, डेमोक्रॅट ओबामानं २००९ ला राज्याराज्यांत ४३५ कोटी डॉलरची स्पर्धा लावली, चार्टर वाढवा आणि शिक्षकांचं मूल्यमापन मुलांच्या मार्कांशी जोडा म्हणजे राज्याला जास्त गुण.

तर प्रस्ताव आला की पहिलं काम, कागद मागा. तोंडी काही ऐकून घेऊ नका, साहेब कितीही गोड बोलू देत. करार कोणाकोणात, किती वर्षांचा, मधेच मोडला तर दिलेल्या वस्तू कोणाच्या, सगळं मराठीत लिहून. त्याचबरोबर तलाठ्याकडून किंवा ग्रामपंचायतीतून शाळेच्या जागेचे कागद काढा. बऱ्याच वाड्यांमध्ये जागा कुणीतरी आजोबांनी शाळेला दिलेली असते आणि सातबाऱ्यावर नाव अजून त्यांचंच, नाहीतर गावठाणात असते आणि नोंदच नीट नसते. हे आधी सरळ करून घ्या, पाहुणा आल्यावर नाही.

दुसरा प्रश्न, निर्णय कोण घेणार. न्यूअर्क नावाचं शहर आहे न्यू जर्सीत, २०१० ला फेसबुकवाल्या झुकरबर्गनं तिथल्या शाळांना १० कोटी डॉलर जाहीर केले, कुठं, तर ओप्रा विन्फ्रेच्या टीव्ही शोमध्ये. म्हणजे ज्यांची पोरं त्या शाळांत होती त्यांना आपल्या शाळेचं काय होणार हे टीव्हीवरून कळलं. देणगी जुळवत २० कोटींपर्यंत नेली, त्यातले २ कोटींच्या वर नुसत्या सल्लागारांना गेले, दिवसाला हजार डॉलर घेणारी माणसं होती म्हणे त्यात. लोक एवढे चिडले की २०१४ ला त्या सगळ्याच्या विरोधात बोलणारा मुख्याध्यापक रास बराका महापौर म्हणून निवडून आला. पैसा वाईट नव्हता, विचारलं नाही ते वाईट होतं. आपल्याकडं विचारायची जागा कायद्यानंच दिलेली आहे. आरटीईचं (शिक्षण हक्क कायद्याचं) कलम २१, शाळा व्यवस्थापन समिती, त्यात ७५ टक्के पालक आणि निम्म्या बायका, आणि कलम २२ प्रमाणे शाळा विकास आराखडा हीच समिती करते. खरं सांगायचं तर बऱ्याच ठिकाणी ही समिती कागदावरच असते, गुरुजी रजिस्टर घेऊन घरोघरी सह्या गोळा करत फिरतात आणि आपणही चहा पीत सही ठोकतो. ते आता बंद करा. बैठक घ्या, आराखड्यात आपल्याला काय हवंय ते आधी लिहा, आणि कंपनीला सांगा, हे घ्या, यातलं काय देताय?

तिसरं, आणि हे सगळ्यात महत्त्वाचं, यश मोजणार कशानं. प्रस्तावात "गुणवत्ता वाढ" असा शब्द दिसला की तिथंच थांबा आणि विचारा, म्हणजे काय, कुठली परीक्षा, कोण घेणार, पेपर कोण तपासणार, आणि मार्क आले नाहीत तर कोणाचं काय होणार. बुशच्या कायद्यात तिसरी ते आठवी दरवर्षी वाचन-गणिताची परीक्षा होती आणि २०१४ पर्यंत झाडून सगळी पोरं पास झाली पाहिजेत, शंभर टक्के. जी शाळा वर्षानुवर्षं मागं पडेल तिच्यावर कारवाई, शेवटी चार्टरच्या ताब्यात द्यायचा पण पर्याय होता. मग काय होणार? अटलांटा शहरात मार्क असे वाढले की तिथल्या शिक्षणप्रमुख बेव्हर्ली हॉल बाईंना २००९ ला देशातला पुरस्कार मिळाला. नंतर कुणीतरी उत्तरपत्रिकांवरची खाडाखोड मोजली. चुकीचं उत्तर खोडून बरोबर केलेलं, वर्गच्या वर्ग, इतकं की पोरांनी स्वतः खोडलं असणं शक्यच नाही. २०११ च्या सरकारी चौकशीत ४४ शाळा आणि १७८ शिक्षक-मुख्याध्यापक सापडले, काहीजण तर एकत्र बसून खोडरबर घेऊन पेपर सुधारत होते. २०१५ ला त्यातले ११ जण दोषी ठरले, ते पण माफिया टोळ्यांसाठी केलेल्या कायद्याखाली. यात मास्तर चोर होते एवढंच बघून सोडून देऊ नका. ज्या पोराला वाचता येत नव्हतं ते कागदावर हुशार झालं, म्हणजे त्याला जी जादा मदत मिळायला पाहिजे होती ती पण गेली.

आपल्याकडं शिष्यवृत्तीच्या निकालाचे फ्लेक्स लागतात ना चौकात, त्या जिल्ह्याला हे वेगळं समजावायला नको. म्हणून करारात मार्कांचं टार्गेट घालू देऊ नका. पाहिजे तर असं मोजा: पोरं रोज येतात का, दुसरीतलं पोर मोठ्यानं वाचतं का (समितीतल्या दोन आयांनी बसून ऐकायचं), नळाला पाणी आहे का, गुरुजींना निवडणूक आणि सर्व्हेच्या कामाला किती दिवस पळवलं. शिक्षकाचा पगार किंवा बदली मार्कांना बांधायची भाषा आली तर सांगा की अमेरिकेतल्या संख्याशास्त्रज्ञांच्या संघटनेनंच २०१४ ला निवेदन काढलंय, मुलांच्या मार्कांमधला जो फरक असतो त्यातला शिक्षकामुळं येणारा वाटा बहुतेक अभ्यासांत १ ते १४ टक्केच निघतो. बाकी घर, पोट, शाळेची व्यवस्था.

चौथं, कोण बाहेर पडलं ते विचारा. न्यू ऑर्लिन्समध्ये २००५ ला कतरिना वादळानंतर शहरातल्या जवळपास सगळ्या शाळा हळूहळू चार्टर झाल्या, सात हजारांवर कर्मचारी कामावरून काढले. सरासरी मार्क वाढले, हे मान्य करायला पाहिजे, उगाच नाकारून फायदा नाही. पण दिव्यांग मुलांना शाळा दारातूनच परत पाठवतात म्हणून २०१० ला पालकांना कोर्टात जावं लागलं. आणि एवढं करून २०२४ ला त्याच शहरानं स्वतः चालवायची एक शाळा परत उघडली. तेव्हा करारात लिहून घ्या की हद्दीतल्या कुठल्याही पोराला, मग ते ऊसतोड कामगाराचं असो, दिव्यांग असो, वर्षाच्या मधे आलेलं असो, नाही म्हणता येणार नाही.

टॅब आणि ऑनलाइनचं थोडक्यात. ओहायो राज्यात इकॉट नावाची ऑनलाइन चार्टर शाळा होती, राज्यानं हजेरी तपासली तर दाखवलेल्या पंधरा हजार मुलांपैकी साडेसहा हजारांचा सुद्धा हिशोब लागेना. जानेवारी २०१८ मध्ये, ऐन वर्षाच्या मधे, बंद पडली आणि सुमारे १२ हजार पोरं दुसरी शाळा शोधत फिरली. टॅब घ्या, पण टॅबच्या बदल्यात शिक्षकाचं पद गेलं तर घेऊ नका.

पाचवं म्हणजे कमी पट. २०२३ लाच वीसपेक्षा कमी पटाच्या शाळांच्या समूह शाळा (छोट्या शाळा एकत्र करून एक) करायचे प्रस्ताव मागवले गेले, त्यामुळं दत्तक आणि समूह हे दोन शब्द एकाच बैठकीत आले तर कान टवकारा. शिकागोत २०१३ ला पट कमी म्हणून एका दमात पन्नासेक शाळा बंद केल्या, बहुतेक कृष्णवर्णीय वस्त्यांमधल्या. पोरांना नव्या शाळेत जाताना टोळ्यांच्या गल्ल्या ओलांडाव्या लागणार होत्या, म्हणून शहराला जागोजागी पगारी माणसं उभी करावी लागली. २०१८ ला शिकागो विद्यापीठाच्या संशोधनात निघालं की ज्यासाठी केलं तो अभ्यासातला फायदा काही झाला नाही. आपल्याकडं टोळ्या नाहीत, ओढा आहे, जुलैत कोयनेकडं पाऊस कसा लागतो ते सांगायला नको, आणि गवा, बिबट्या. नियम पहिली ते पाचवीला १ किलोमीटर, सहावी ते आठवीला ३ किलोमीटर सांगतो. तेव्हा नकाशावरचं अंतर मानू नका. साहेबांना म्हणावं चला, सकाळी नऊला दप्तर घेऊन पहिलीतल्या पोरीबरोबर पायी जाऊन बघू, आणि त्या चालण्याचा पंचनामा करून ठरावाला जोडा.

कोणीतरी नक्की म्हणणार, रयत शिक्षण संस्था पण खासगीच की राव. बरोबर आहे. पण कर्मवीर भाऊराव पाटील अण्णांनी १९१९ ला कराडजवळ काल्याला संस्था काढली ती लोकांच्या मुष्टिफंडावर वाढली, घरातल्या बायका मूठमूठ धान्य बाजूला काढायच्या, आणि देणारा गावातच राहायचा, जाब विचारता यायचा. कंपनीचा माणूस बदलीवर पुण्याला गेला की फोन पण उचलत नाही, हे माझ्या बघण्यातलं आहे, नाव घेत नाही.

आता शेवटचं काम, ठराव. समितीचा ठराव आधी, मग ग्रामसभेत. कोरम १५ टक्के मतदार किंवा १००, यातलं जे कमी ते, म्हणून बायकांना आणि मुंबईवरून आलेल्या पोरांना घेऊन या, नाहीतर तहकूब होते. ठरावात लिहा: शाळेचं नाव बदलणार नाही, जागा आणि इमारत जिल्हा परिषदेचीच, शिक्षक सरकारीच, प्रवेश सगळ्यांना, मार्कांचं टार्गेट नाही, आणि पाच वर्षांनी कंपनी गेल्यावर वीजबिल आणि दुरुस्ती कोण भरणार ते नाव-पदासकट. कागद देत नसतील तर झेडपीच्या प्राथमिक शिक्षण विभागाच्या जनमाहिती अधिकाऱ्याकडं माहिती अधिकाराचा अर्ज टाका, १० रुपये फी, ३० दिवसांत उत्तर आलं पाहिजे. ठरावाची नक्कल ग्रामसेवकाच्या सही-शिक्क्यानं त्याच दिवशी घ्या, दुसऱ्या दिवशी प्रोसिडिंग बुक "साहेबांकडं गेलंय" असं सांगतात.