संग्रहालयांच्या डिजिटल नोंदी अभ्यासताना या चुका टाळा

परदेशातील अनेक संग्रहालये आपल्या वस्तूंची छायाचित्रे आणि नोंदी संकेतस्थळावर खुल्या करत आहेत, आणि त्या वस्तूंशी ज्यांचे पिढ्यान्‌पिढ्यांचे नाते आहे अशा समाजातील लोकांना पाठ्यवृत्ती देऊन त्या नोंदी वाचण्यासाठी बोलावण्याचे उपक्रमही होत आहेत. अशी पाठ्यवृत्ती मिळालेली मराठी व्यक्ती व्यावसायिक इतिहासकार असेलच असे नाही. परंतु भाषा, गावांची नावे, घराण्यांचे नातेसंबंध यांचे जे ज्ञान तिच्याकडे असते, ते संग्रहालयाच्या कार्यालयात बहुधा नसते. हे ज्ञान वाया जाऊ नये म्हणून पुढील चुकांकडे लक्ष वेधावेसे वाटते.

सर्वांत मोठी चूक म्हणजे नोंद हा निकाल मानणे. नोंद ही कोणीतरी, कधीतरी, कोणाच्या तरी सांगण्यावरून दिलेली साक्ष असते. लंडनच्या व्हिक्टोरिया अँड अल्बर्ट संग्रहालयाची जी वाघनखे जुलै २०२४ मध्ये तीन वर्षांच्या कराराने साताऱ्यात आली, त्यांच्या पेटीवरील इंग्रजी मजकूर असे सांगतो की, शिवाजी महाराजांनी मोगल सेनापतीला मारले ते हेच शस्त्र असून, साताऱ्याचे रेसिडेंट (दरबारातील इंग्रजांचे प्रतिनिधी) जेम्स ग्रँट डफ यांना ते पेशव्यांच्या पंतप्रधानांनी दिले. मराठी वाचकाला येथे दोनदा थांबावे लागते. अफजलखान विजापूरच्या आदिलशाहीचा सरदार होता, मोगलांचा नव्हे. आणि पेशवा हाच मुळात छत्रपतींचा मुख्य प्रधान, तर मग पेशव्यांचे हे पंतप्रधान कोण? शिवाय ग्रँट डफ साताऱ्यात होते ते १८१८ ते १८२२ या काळात, म्हणजे १० नोव्हेंबर १६५९ च्या प्रतापगडावरील प्रसंगानंतर सुमारे १६० वर्षांनी. हीच ती वाघनखे असल्याची खात्री करता आलेली नाही, असे संग्रहालयानेही आपल्या नोंदीत लिहिले आहे. ते वाक्य न वाचता बाजूने किंवा विरोधात मत बनवणाऱ्यांची संख्या पाहून वाईट वाटते.

याच्या उलट चूकही तितकीच घातक आहे. मजकुरात दोष सापडले म्हणून तो टाकून द्यायचा नसतो. बखरीतील सैन्याचे आकडे आपण जसेच्या तसे घेत नाही, पण म्हणून बखर रद्दीतही घालत नाही. पेटीवरील त्या ओळींतून १६५९ मध्ये काय घडले ते कळत नसले, तरी ही वस्तू बाळगणाऱ्यांच्या मनात मराठ्यांचा इतिहास कोणत्या रूपात उरला होता, हे अचूक कळते. तुमच्या टिपणात वस्तूबद्दलचा दावा आणि तो दावा करणारा माणूस, हे दोन रकाने सुरुवातीपासून वेगळे ठेवा.

शोधपेटीत शब्द घातल्यावर काहीच सापडले नाही, तर वस्तू नाही असे समजू नका. एकोणिसाव्या शतकातील कारकुनांनी कानाला जसे ऐकू आले तसे लिहिले आहे. पुण्याचे ‘पूना’, खडकीचे ‘किरकी’, मराठ्यांचे ‘महरट्टा’ आणि शिवाजीचे ‘सिवाजी’ होते. वाघनख हे ‘बाघनख’ म्हणून किंवा नुसतेच ‘वाघाचा पंजा’ या अर्थाच्या इंग्रजी शब्दांत दडलेले असू शकते. वस्तूच्या नावाने शोध फसला तर देणाऱ्याच्या आडनावाने शोधा. साताऱ्याचा उल्लेख नसलेली एखादी नोंद तेथे नेमणुकीवर असलेल्या अधिकाऱ्याच्या नावाखाली सापडते.

दाखल क्रमांकातील, म्हणजे वस्तू संग्रहात घेताना तिला दिलेल्या क्रमांकातील, साल हे वस्तूचे वय समजण्याची चूकही वारंवार होते. व्हिक्टोरिया अँड अल्बर्ट संग्रहालयातील अकबरनाम्याच्या चित्रांच्या क्रमांकात १८९६ हे साल आहे. ते खरेदीचे साल आहे. चित्रे सोळाव्या शतकाच्या अखेरची आहेत. टिपू सुलतानाच्या प्रसिद्ध वाघाचा क्रमांक २५४५ आयएस असा असून त्यात साल नाहीच. १७९९ मध्ये श्रीरंगपट्टण पडल्यावर तो इंग्रजांच्या हाती लागला, ईस्ट इंडिया कंपनीच्या लंडनमधील इंडिया म्युझियममध्ये राहिला, आणि १८७९ मध्ये त्या संग्रहाची वाटणी झाली तेव्हा साउथ केन्सिंग्टनच्या संग्रहालयात, म्हणजेच आजच्या व्हिक्टोरिया अँड अल्बर्टमध्ये, गेला. क्रमांकाची घडण समजली की वस्तू कोणत्या वाटेने आली याचा पहिला धागा हाती येतो.

‘भेट’ हा शब्द दिसला की तेथे अधिक वेळ द्या. ब्रिटिश राजघराण्याच्या संग्रहातील ‘जगदंबा’ म्हणून ओळखली जाणारी तलवार १८७५-७६ च्या दौऱ्यात प्रिन्स ऑफ वेल्सना कोल्हापूरच्या चौथ्या शिवाजी महाराजांकडून मिळाली. त्यांचा जन्म १८६३ चा, म्हणजे तेव्हा त्यांचे वय जेमतेम बारा वर्षांचे, आणि संस्थानाच्या कारभारावर इंग्रजांची देखरेख. तलवार नेमकी कोणाची, हा वाद आपल्याकडे जोरात चालतो. अल्पवयीन संस्थानिकाने साम्राज्याच्या वारसाला दिलेल्या वस्तूला भेट म्हणावे का, हा प्रश्न मात्र मागे पडतो. माझ्या मते पाठ्यवृत्तीच्या काळात याच प्रश्नावर कष्ट घ्यावेत, कारण त्याचे उत्तर कागदपत्रांतून शोधता येते.

ती कागदपत्रे केवळ परदेशात आहेत असे समजणे ही आणखी एक चूक. ऑक्सफर्डच्या अ‍ॅशमोलियन संग्रहालयाने १९६७ मध्ये लिलावात घेतलेली संत तिरुमंगै आळ्वार यांची कांस्यमूर्ती तमिळनाडूतील मंदिरातली असल्याचे सिद्ध होण्यास पुदुच्चेरीच्या फ्रेंच संस्थेतील १९५७ चे एक छायाचित्र कारणीभूत ठरले, आणि २०२४ मध्ये विद्यापीठाने मूर्ती परत करण्यास मान्यता दिली. आपल्याकडे पुणे पुराभिलेखागारात पेशवे दप्तराचे मोडी रुमाल, म्हणजे कापडात बांधलेले कागदांचे गठ्ठे, आहेत, भारत इतिहास संशोधक मंडळाचा संग्रह आहे. मोडी येत नसेल तर ती वाचणारा सोबती पहिल्याच आठवड्यात गाठा. शेवटच्या महिन्यात ते जमत नाही.

मानवी अवशेष, पूजेच्या वस्तू आणि आदिवासी स्त्रीपुरुषांची जुनी छायाचित्रे समोर आल्यास ती लगेच समाजमाध्यमांवर टाकू नका. चित्र खुले आहे याचा अर्थ ते पसरवण्याची परवानगी त्या माणसांच्या वंशजांनी दिली आहे असा होत नाही. ऑक्टोबर २०२४ मध्ये इंग्लंडमधील एका लिलावात नागा पूर्वजाची कवटी विक्रीस आली, तेव्हा नागालँडमधून झालेल्या विरोधामुळे ती मागे घ्यावी लागली. त्या लोकांना झालेल्या वेदनेत आपल्या हातून भर पडता कामा नये.

नोंद दुरुस्त करून घेताना ‘ही माहिती चुकीची आहे’ एवढेच पत्र पाठवले तर ते बहुधा पडून राहते. दाखल क्रमांक, चुकीचे नेमके वाक्य, सुचवलेले वाक्य आणि त्याचा आधार, या क्रमाने लिहा. वाघनखांच्या बाबतीत ‘मोगल सेनापती’ हे पेटीवरील शब्द बदला असे म्हणता येणार नाही, कारण ते आता वस्तूचाच भाग आहेत. मात्र त्याखाली ‘अफजलखान हे विजापूरच्या आदिलशाहीचे सरदार होते’ अशी टीप जोडा, असे नक्की म्हणता येते. पत्र पाठवण्यापूर्वी नोंदीची त्या दिवशीची प्रत दिनांकासह जतन करा, कारण नोंदी बदलतात, आणि पूर्वी काय लिहिले होते हे पुढच्या अभ्यासकाला कळण्याचा दुसरा मार्ग उरलेलाच असेल असे नाही.