अमेरिकेचा पुढचा राष्ट्राध्यक्ष कोण? गावातल्या वाचनालयात बसून अंदाज बांधायची आमची रीत

यवतमाळ जिल्ह्यात, घाटंजी तालुक्यात आमचं 'ड' वर्गाचं सार्वजनिक वाचनालय आहे आणि मी तिथली ग्रंथपाल. संध्याकाळी वावरातून परतलेले लोक येतात, पेपर वाचतात आणि भांडतात. आमदारकीवरचं भांडण घरापर्यंत जातं, दोन भावकीचं बोलणं बंद होतं, म्हणून इथल्या निवडणुकांवर पैज लावायला मी बंदी घातली आहे. अमेरिकेच्या निवडणुकीला मुभा आहे. तिथे कुणीही पडला तरी गावात पंगत वेगळी बसत नाही.

विषय तसा लांबचाही राहिलेला नाही. ऑगस्ट २०२५ मध्ये अमेरिकेनं आपल्या मालावरचा कर ५० टक्क्यांवर नेला, त्याच महिन्यात केंद्र सरकारनं कापसावरचं ११ टक्के आयात शुल्क उठवलं, आणि आमच्याकडे सीतादही (कापूस वेचणीच्या सुरुवातीची पूजा) व्हायच्या आधीच भावाची काळजी सुरू झाली. जिनिंगमध्ये काट्यावर बसणारे एक काका तेव्हा म्हणाले, "मॅडम, आपल्या पऱ्हाटीचा भाव थो ट्रम्प्या ठरवून रायला. मंग थ्याच्या मागून कोन येते, थे आपुनच पायलं पायजे न." तेव्हापासून अंदाजाची वही नियमानं चालते. पुढची निवडणूक ७ नोव्हेंबर २०२८ ला आहे. ज्यांना आपल्या गावात, कट्ट्यावर किंवा घरातच अशी वही सुरू करायची असेल त्यांच्यासाठी आमची रीत सांगते.

सगळ्यात आधी वहीचं पान मधोमध दुमडा. डावीकडे राष्ट्राध्यक्षपदाचे उमेदवार, उजवीकडे उपाध्यक्षपदाचे. हे दोन अंदाज एकाच डोक्यानं बांधता येत नाहीत. डावीकडचं नाव लाखो सामान्य मतदार महिनोन्‌महिने राज्याराज्यात मतदान करून ठरवतात. उजवीकडचं नाव एकच माणूस ठरवतो, तो म्हणजे डावीकडे जिंकलेला उमेदवार. त्यामुळे डावीकडे कॅलेंडर आणि हालचाली बघायच्या, उजवीकडे त्या एका माणसाची अडचण ओळखायची. आपल्याकडचे लोक इथेच गल्लत करतात, कारण त्यांच्या डोक्यात दिल्ली असते. २००७ मध्ये आपल्या राष्ट्रपतिपदासाठी शिवराज पाटील, करणसिंह अशी नावं चर्चेत होती आणि अचानक अमरावतीच्या सूनबाई प्रतिभाताई पाटलांचं नाव पुढे आलं. तसा धक्का अमेरिकेत फक्त पानाच्या उजव्या बाजूला बसू शकतो.

डावीकडे नावं लिहिण्याआधी नावं खोडायला शिका. तिथल्या राज्यघटनेत तीन अटी आहेत: जन्मानं नागरिकत्व, वय किमान ३५, आणि देशात १४ वर्षं वास्तव्य. इलॉन मस्क दक्षिण आफ्रिकेत जन्मले, श्वार्झनेगर ऑस्ट्रियात. दोघंही बाद. १९५१ मध्ये लागू झालेल्या बाविसाव्या दुरुस्तीनुसार कुणी दोनदा निवडून आला की तिसऱ्यांदा निवडून येता येत नाही, म्हणून ट्रम्पही बाद. मग दरवेळी कुणीतरी विचारतंच, "उपाध्यक्ष होऊन मागच्या दारानं आला तं?" बाराव्या दुरुस्तीचं शेवटचं वाक्य सांगतं की, जो राष्ट्राध्यक्ष व्हायला अपात्र तो उपाध्यक्ष व्हायलाही अपात्र. काही वकील 'निवडून येणं' आणि 'पदावर बसणं' यांत फट शोधतात. आमच्या वहीत ती फट बंद आहे. नाहीतर पान भरतच नाही.

उरलेल्या नावांपुढे आजचं पद लिहा. हा रकाना फार उपयोगाचा आहे. कनिष्ठ सभागृहातून थेट राष्ट्राध्यक्ष झालेला आजवर एकच, १८८० चा गारफिल्ड. सिनेटमधून, म्हणजे वरिष्ठ सभागृहातून, थेट गेलेले तिघं: १९२० चा हार्डिंग, १९६० चा केनेडी आणि २००८ चा ओबामा. राज्यपालांचा रस्ता बरा असतो. कार्टर, रेगन, क्लिंटन, धाकटे बुश सगळे तिकडूनच आले. तिथला राज्यपाल म्हणजे आपल्याकडच्या मुख्यमंत्र्यासारखा निवडून आलेला माणूस, हे नव्या मंडळींना सांगावं लागतं.

पदावर असलेल्या उपाध्यक्षाचं गणित निराळं. त्याला पक्षाची उमेदवारी बहुधा मिळते, खुर्ची क्वचित. १८३६ मध्ये व्हॅन ब्युरेन आणि त्यानंतर थेट १९८८ मध्ये थोरले बुश. मध्ये आणि नंतर निक्सन १९६० ला पडले, हम्फ्री १९६८ ला, गोर २००० ला, कमला हॅरिस २०२४ ला. म्हणून सध्याचे उपाध्यक्ष जे. डी. व्हान्स यांचं नाव 'उमेदवारी'च्या ओळीत ठळक लिहा आणि 'विजया'च्या ओळीत पेन्सिलनं.

आमच्याकडे पेनगंगेपलीकडे तेलंगण आहे, सोयरिकी आहेत, त्यामुळे व्हान्स यांच्या पत्नी उषा यांचे आईवडील आंध्रचे म्हणून व्हान्सच येणार असं सांगणारेही भेटतात. कमला हॅरिस यांच्या आजोळच्या तामिळनाडूतल्या तुळसेंद्रपुरम गावात पूजा झाल्या होत्या, निकाल सगळ्यांना माहीत आहे. नात्यागोत्याला वहीत शून्य.

आता हालचाली. नेता काय बोलतो याला मी फार किंमत देत नाही, तो काय सोडतो ते बघते. डेमोक्रॅट नेते बुटिजेज यांना २०२६ साठी मिशिगनमधून सिनेटची वाट मोकळी होती, त्यांनी ती नाकारली. हॅरिस यांनी जुलै २०२५ मध्ये कॅलिफोर्नियाच्या राज्यपालपदाची निवडणूक लढवणार नाही असं जाहीर केलं. हातचं सोडणारा माणूस एकतर घरी बसणार असतो किंवा मोठ्या वावरावर डोळा ठेवून असतो. कॅलिफोर्नियाचे न्यूसम आणि मिशिगनच्या व्हिटमर हे दोघं राज्यपाल २०१८ आणि २०२२ असे दोनदा निवडून आले आहेत, त्यांच्या राज्यांच्या नियमानं तिसरी खेप नाही. जानेवारी २०२७ नंतर त्यांना कामच उरत नाही, हीसुद्धा एक खूणच.

नकाराचा काळ तपासा. "सध्या माझं लक्ष माझ्या राज्यावर आहे" या वाक्याला नकार म्हणत नाहीत. ओबामांनी जानेवारी २००६ मध्ये टीव्हीवर सांगितलं होतं की २००८ ला लढणार नाही. १० फेब्रुवारी २००७ ला स्प्रिंगफील्डमध्ये कडाक्याच्या थंडीत उभं राहून उमेदवारी जाहीर केली. पक्का नकार कसा असतो ते १८८४ च्या जनरल शर्मनकडे बघावं: उमेदवारी दिली तरी घेणार नाही, निवडून दिलं तरी काम करणार नाही. ३१ मार्च १९६८ ला तेव्हाचे राष्ट्राध्यक्ष जॉन्सन यांनीही जवळपास तशाच शब्दांत विषय संपवला. यापेक्षा मऊ भाषा असेल तर नाव खोडू नका.

मग आयोवा. पक्षाच्या उमेदवारीची पहिली लढत बरीच वर्षं इथेच होत आली आहे. हे राज्य आमच्या लोकांना चटकन लक्षात राहतं, कारण तिथे सोयाबीन पिकतं आणि तिथल्या पिकाची बातमी आली की इथे बाजार समितीत कुजबुज होते. जानेवारी १९७६ मध्ये कार्टर नावाचा फारसा कुणाला ठाऊक नसलेला माजी राज्यपाल तिथे गावोगाव फिरून पुढे आला, तेव्हापासून हौशे-नवशे सगळे आधी तिथे जातात. ऑगस्टमध्ये डे मॉइनला राज्याची मोठी जत्रा भरते. निवडणुकीच्या एक-दोन वर्षं आधी दुसऱ्या राज्याचा नेता त्या जत्रेत डुकराच्या मांसाची चाप हातात घेऊन फोटो काढत असेल, तर त्याला भूक लागलेली नसते. न्यू हॅम्पशायर आणि साउथ कॅरोलायना इथल्या फेऱ्याही लिहून ठेवा.

पण फेरी आणि विजय यांत फरक करा. आयोवात २००८ ला हकबी, २०१२ ला सँटोरम, २०१६ ला क्रूझ जिंकले, रिपब्लिकन उमेदवारी तिघांपैकी एकालाही मिळाली नाही. बायडेन २०२० मध्ये आयोवात चौथे आणि न्यू हॅम्पशायरमध्ये पाचवे होते. २९ फेब्रुवारीला साउथ कॅरोलायना जिंकलं आणि चित्र पालटलं. म्हणजे आयोवावरून 'कोण उभा राहणार' हे कळतं, 'कोण टिकणार' हे नाही.

जनमत चाचण्यांवर फार वेळ घालवू नका. दोन वर्षं आधीची चाचणी म्हणजे कुणाचं नाव लोकांना पाठ आहे एवढीच मोजणी. २००७ भर रिपब्लिकन चाचण्यांत जुलियानी पुढे होते, २००८ मध्ये त्यांना एकही राज्य मिळालं नाही. नोव्हेंबर २०२६ ची मध्यावधी निवडणूक (राष्ट्राध्यक्षाच्या मुदतीच्या मधोमध होणारी तिथल्या संसदेची नेहमीची निवडणूक) झाली की मात्र वही नव्यानं लिहा.

आता पानाची उजवी बाजू. इथे हेडमास्तर (निवृत्त आहेत, पण गाव अजून तेच म्हणतं) आणि माझं जमत नाही. त्यांचं म्हणणं, उपाध्यक्ष राज्य जिंकून देतो, तेव्हा नकाशा बघा. माझं म्हणणं, आपल्या ग्रामपंचायतीत उपसरपंच कसा ठरतो ते आठवा. सरपंच ज्या आळीचा नाही त्या आळीचा, किंवा जो रुसून बसलाय त्याच्या गटाचा. केनेडींनी १९६० ला आपल्याविरुद्ध लढलेल्या टेक्सासच्या जॉन्सनना घेतलं, रेगन यांनी १९८० ला हरवलेल्या बुशना. ओबामांना परराष्ट्र व्यवहारातला अनुभव कमी, म्हणून बायडेन. ट्रम्प यांच्यावर धार्मिक मंडळींचा भरवसा नव्हता, म्हणून २०१६ ला इंडियानाचे पेन्स. बायडेन यांनी तर मार्च २०२० मध्ये वादसभेतच सांगून टाकलं की बाईच घेणार. त्या दिवशी आमच्या यादीतली अर्धी नावं आपोआप खोडली गेली.

हेडमास्तरांच्या नकाशाचं काय होतं तेही सांगते. २००४ ला केरी यांनी नॉर्थ कॅरोलायनाचे एडवर्ड्स घेतले, ते राज्य गेलं. २०१२ ला रॉम्नींनी विस्कॉन्सिनचे रायन घेतले, तेही गेलं. २०२४ ला हेडमास्तरांनी पेनसिल्व्हेनियाच्या १९ निर्वाचक मतांवर (प्रत्येक राज्याचे ठरावीक निर्वाचक असतात, शेवटी राष्ट्राध्यक्ष तेच निवडतात) बोट ठेवून राज्यपाल शापिरो यांचं नाव लिहिलं. ६ ऑगस्टला हॅरिस यांनी मिनेसोटाचे वॉल्झ जाहीर केले. "थ्या बाईनं गणित नाई केलं," असं ते अजूनही म्हणतात.

उणीव भरून काढायची ही रीतही कधी मोडते. क्लिंटन यांनी १९९२ ला आपल्यासारखेच दक्षिणेकडचे, चाळिशीतले गोर घेतले. ट्रम्प यांनी २०२४ ला ३९ वर्षांचे व्हान्स घेतले, तेही सूर अगदी आपलाच असलेले. उमेदवाराला आपण जिंकतोच आहोत असं वाटतं, किंवा वारसदार नेमायचा असतो, तेव्हा तो उणीव भरत बसत नाही. म्हणून उजवीकडचं नाव लिहिण्याआधी एक ओळ लिहायची सक्ती करा: 'हा उमेदवार घाबरलेला आहे की निर्धास्त?' बाकी सगळं त्या ओळीवर ठरतं.

एक कायद्याची गोम आहे, तिच्यावर पैजा जिंकता येतात. एखाद्या राज्याचे निर्वाचक राष्ट्राध्यक्ष आणि उपाध्यक्ष अशा दोन्ही पदांसाठी आपल्याच राज्याच्या माणसांना मत देऊ शकत नाहीत. २००० साली बुश टेक्सासचे आणि चेनीही टेक्सासमध्येच राहत होते. चेनींनी जुलैमध्ये वायोमिंगमध्ये मतदार नोंदणी केली. शेवटी निकाल २७१ विरुद्ध २६६ असा लागला, टेक्सासची ३२ मतं अडली असती तर उपाध्यक्षपदाचं काय झालं असतं बघा. म्हणून न्यूसम आणि हॅरिस अशी जोडी कुणी लिहिली तर खुशाल पैज घ्या. दोघंही कॅलिफोर्नियाचे, आणि तिथली ५४ मतं कुणी धोक्यात घालत नाही.

छाननीचाही विचार करा. १९७२ मध्ये मॅक्गव्हर्न यांनी घाईघाईत सिनेटर ईगलटन यांना घेतलं. नैराश्यासाठी त्यांना विजेचे झटके दिले गेले होते हे बाहेर आलं आणि तीन आठवड्यांच्या आत ते बाजूला झाले. तेव्हापासून कर, आजारपण, जुनी भाषणं सगळं उपसतात. ज्याची अशी तपासणी एकदा होऊन गेली आहे त्याचं नाव पुढच्या यादीत वजनदार ठरतं. २०२४ ला ट्रम्प यांच्या शेवटच्या यादीत व्हान्ससोबत रुबिओ आणि बर्गम होते, दोघं पुढे मंत्री झाले. २०२८ च्या पानावर रुबिओ यांचं नाव मी दोन्ही बाजूंना लिहिलं आहे.

घोषणेच्या आदल्या दिवशीच्या 'खात्रीलायक' बातम्यांवर नाव बदलू नका. ६ जुलै २००४ ला न्यूयॉर्कच्या एका दैनिकानं पहिल्या पानावर केरींची निवड म्हणून गेपहार्ट यांचं नाव छापलं. निवड एडवर्ड्स यांची होती. आणि खरी बातमी आदल्या रात्रीच फुटली होती: पिट्सबर्गच्या हँगरमध्ये केरींच्या विमानावर एडवर्ड्स यांच्या नावाची अक्षरं चिकटवताना कुणीतरी पाहिलं आणि इंटरनेटवर लिहून टाकलं. मोठ्या संपादकापेक्षा स्टिकर लावणाऱ्याला जास्त माहीत असतं.

लिहायची पद्धत अशी. प्रत्येकानं नावांवर सोळा आणे वाटायचे. एकाच नावावर सोळाच्या सोळा ठेवायला मी परवानगी देत नाही, कमीत कमी तीन नावं हवीत. व्हान्स यांच्या उमेदवारीला माझे नऊ आणे आहेत, डेमोक्रॅट बाजूला कुणालाच चाराच्या वर नाहीत. शेजारी तारीख आणि एका ओळीत कारण. कारण नसलेलं पान बाद. बदल करायचा तर जुनं पान फाडायचं नाही, खाली नवीन लिहायचं, आणि निकालाच्या दिवशी दोन्ही पानांचे आणे मोजून सरासरी धरायची. उपाध्यक्षपदाची पानं पक्षाच्या अधिवेशनाच्या आठवडाभर आधी बंद. पैसे लावायचे नाहीत. हरणाऱ्यानं सगळ्यांना सांबारवडी, म्हणजे आमच्याकडची कोथिंबिरीची वडी, खाऊ घालायची.

२१ जुलै २०२४ ला बायडेन यांनीच माघार घेतली तेव्हा त्यांच्या नावावर आणे लावलेल्यांचं काय करायचं, यावर आमच्याकडे फार वाद झाला. उमेदवारी पक्की झाल्याइतकी मतं त्यांनी मार्चमध्येच मिळवली होती, म्हणून आणे त्यांना द्यावे असं जिनिंगवाल्या काकांचं म्हणणं. मी निकाल दिला की मतपत्रिकेवर छापलेलं नाव तेच खरं. काकांनी सांबारवडी आणली, पण तिखट इतकं घातलं की कुणाला दुसरी मागता आली नाही.