घरी ट्यूब हेडफोन अँप बनवताय? मग या चुका टाळा

ट्यूब अँप (व्हॅक्यूम ट्यूबवर चालणारा अँप्लिफायर) बनवायचं डोक्यात बसलं की बहुतेक जण आधी ट्यूब निवडतात, मग तिच्यासाठी सर्किट शोधतात, आणि आपला हेडफोन नक्की कोणता हा प्रश्न पडतो तो अँप तयार झाल्यावर. गडबड इथेच सुरू होते. हेडफोनचे दोन आकडे, इम्पिडन्स (एसी सिग्नलला होणारा रोध, ओहममध्ये) आणि सेन्सिटिव्हिटी (ठरावीक पॉवरला किती मोठा आवाज), सगळ्यात आधी कागदावर लिहा, मग पुढचं बरंच काही आपोआप ठरतं.

समजा हेडफोन ३२ ओहमचा आहे आणि १ मिलिवॉटला १०० डीबी देतो. तर त्या १०० डीबीसाठी फक्त ०.१८ व्होल्ट लागतात. आणि ११० डीबी म्हणजे कानाला नको इतका आवाज, त्याला सुद्धा ०.५७ व्होल्ट पुरतात. डॅकमधून (डिजिटल गाणं अॅनालॉग सिग्नलमध्ये बदलणारा डबा) साधारण २ व्होल्ट तर आधीच येत असतात, म्हणजे इथे गेन (सिग्नल किती पट वाढवायचा) लागतच नाही. ३०० ओहमचा, १ मिलिवॉटला ९७ डीबीवाला हेडफोन असेल तर ११० डीबीला अंदाजे २.५ व्होल्ट लागतील, तिथेही तीन-चारपट गेन भरपूर झाला. पण प्रसिद्ध आहे म्हणून लोक १२एएक्स७ ट्यूब टाकतात, गेन जातो ५०-६० वर, आणि मग व्हॉल्यूम जरासा फिरवला की कान फुटतात, पॉट (व्हॉल्यूमचं बटण) अगदी खालच्या टोकाला असताना डावा-उजवा आवाज सारखा राहत नाही, वर जो काही हम (सततचा घूं आवाज) असेल तोही तितकाच मोठा होतो. १२एयू७ किंवा ६डीजे८ घ्या आणि कॅथोडच्या (ट्यूबचं इलेक्ट्रॉन सोडणारं टोक) रेझिस्टरला समांतर बायपास कपॅसिटर लावू नका, गेन आणखी खाली येतो.

दुसरी बाजू आउटपुट इम्पिडन्सची, म्हणजे अँपच्या स्वतःच्या आतल्या रोधाची. ६एएस७ ही मुळात व्होल्टेज रेग्युलेटरसाठी बनवलेली ट्यूब, ओटीएल (आउटपुट ट्रान्सफॉर्मर नसलेल्या) हेडफोन अँपमध्ये ती लोकप्रिय आहे, पण कॅथोड फॉलोअर (आउटपुट कॅथोडवरून घेतात ती जोडणी) म्हणून तिच्या एका सेक्शनचा आउटपुट इम्पिडन्स ९०-१०० ओहमच्या आसपास येतो. ३०० किंवा ६०० ओहमच्या हेडफोनला हे छान चालतं. ३२ ओहमला मात्र तीन चतुर्थांश सिग्नल अँपच्या आतच पडतो आणि हेडफोनचा इम्पिडन्स जिथे वर-खाली होतो तिथे आवाजाचा तोलही बदलतो. आउटपुट कपॅसिटरचंही तेच. १०० मायक्रोफॅरडचा कपॅसिटर ३०० ओहमला ५ हर्ट्झपर्यंत उतरतो, ३२ ओहमला ५० हर्ट्झलाच बेस गळायला लागतो. म्हणून कमी ओहमचा हेडफोन असेल तर सरळ आउटपुट ट्रान्सफॉर्मर घ्या किंवा शेवटी मॉसफेट (एक प्रकारचा ट्रान्झिस्टर) बफर असलेला हायब्रिड, म्हणजे ट्यूब आणि ट्रान्झिस्टर दोन्हींचा अँप बनवा, ओटीएलचा हट्ट धरू नका.

आता जिवाचं बोलू. बी प्लस लाइनवर, म्हणजे ट्यूबच्या मुख्य डीसी सप्लायवर, २०० ते ३०० व्होल्ट डीसी असतात आणि स्विच बंद केला, प्लग काढला, तरी फिल्टर कपॅसिटर चार्ज धरून बसतात. ब्लीडर रेझिस्टर (कपॅसिटर रिकामा करणारा) न लावणं ही माझ्या मते सगळ्यात मोठी चूक. ३०० व्होल्ट आणि १०० मायक्रोफॅरडला २२० किलोओहम लावला तर साधारण दोन मिनिटांत व्होल्टेज दोन-तीन व्होल्टवर येतं, रेझिस्टर १ किंवा २ वॉटचा घ्या कारण त्यात ०.४ वॉट सतत जळत असतात. आणि ब्लीडर आहे म्हणून हात घालायचा नाही, प्रत्येक वेळी मीटरने मोजायचं, मगच आत हात, तोही एकच, दुसरा हात लांब. चॅसिसला अर्थिंगची वायर पक्की बोल्टने आवळलेली हवी. हम कमी होतोय म्हणून अर्थिंग काढायचा सल्ला कोणीही दिला तरी ऐकू नका, प्लीज.

कपॅसिटरच्या व्होल्टेज रेटिंगमध्ये पण खूप जण फसतात. ट्रान्सफॉर्मरची २३० व्होल्टची सेकंडरी ब्रिज रेक्टिफायरमधून (एसीचं डीसी करणारे चार डायोड) गेली की ३२५ व्होल्ट डीसी होते, ट्यूब गरम होईपर्यंत लोड नसतो त्यामुळे सुरुवातीला ते सगळंच्या सगळं कपॅसिटरवर येतं, मेन्स १० टक्के वर असेल तर ३५७ व्होल्ट. म्हणजे ३५० वाला चालणार नाही, ४५० वालाच घ्या. पाव वॉटच्या रेझिस्टरचं पण बघा, त्यातले बरेच २५० व्होल्टपर्यंतच असतात.

वायरिंग करताना सॉकेट उलटं वाचलं जातं. डेटाशीटमधलं चित्र बहुतेक वेळा खालून बघितलेलं असतं, म्हणजे जिथे सोल्डर करता त्या बाजूने, गॅपपासून घड्याळाच्या दिशेने १ ते ९. वरून मोजलं की सगळं आरशातल्यासारखं उलटं होतं. आणि १२एयू७ च्या जागी ६डीजे८ तशीच खुपसू नका, पहिलीला ४ आणि ५ पिनवर १२.६ व्होल्ट लागतात, ९ हा हीटरचा (कॅथोड तापवणाऱ्या तारेचा) मधला टॅप असतो. ६डीजे८ ला ४ आणि ५ वर ६.३ व्होल्टच हवेत, तिची ९ नंबरची पिन आतल्या शील्डची.

पहिल्यांदा ऑन करताना मेन्सच्या सिरीजमध्ये साधा फिलामेंटचा बल्ब लावा, कुठे शॉर्ट असेल तर बल्ब भगभगीत पेटेल पण ट्रान्सफॉर्मर वाचेल. हेडफोन लावायचाच नाही, त्याच्या जागी तेवढ्याच ओहमचा रेझिस्टर. मग व्होल्टेज मोजा. प्लेटवर (ट्यूबचं इलेक्ट्रॉन गोळा करणारं टोक) पूर्ण बी प्लस दिसत असेल, आणि तो प्लेट थेट सप्लायला जोडलेला कॅथोड फॉलोअर नसेल, तर ट्यूब कंडक्ट करत नाहीये, हीटर पेटलाय का, कॅथोड रेझिस्टर ओपन आहे का ते बघा. प्लेट फारच खाली असेल तर ग्रिडवर (जिथे सिग्नल आत येतो ते टोक) डीसी मोजा, तिथे पॉझिटिव्ह व्होल्टेज सापडलं की आधीचा कपलिंग कपॅसिटर गळतोय असं समजा. करंटसाठी सर्किट तोडायला नको, कॅथोडचं व्होल्टेज भागिले रेझिस्टर, १ किलोओहमवर ५ व्होल्ट म्हणजे ५ मिलिअँपिअर.

घूं आवाज येत असेल तर लगेच कपॅसिटर वाढवत सुटू नका, आधी आवाज ओळखा. जाड, खोल ५० हर्ट्झचा असेल तर हीटरची वायर किंवा ट्रान्सफॉर्मरचं मॅग्नेटिक फील्ड, जरा तिखट १०० हर्ट्झचा असेल तर बी प्लसचा रिपल (डीसीवर उरलेली लहर) किंवा ग्राउंड चुकलेलं. मेन्स ६० हर्ट्झची असेल तर हेच आकडे ६० आणि १२०. हीटरच्या वायरी घट्ट पिळून चॅसिसच्या कोपऱ्यातून न्या, मधला टॅप नसेल तर दोन्ही टोकांपासून १००-१०० ओहम ग्राउंडला. ग्राउंडमध्ये मात्र डोकं लावा: रेक्टिफायरची निगेटिव्ह वायर आधी पहिल्या फिल्टर कपॅसिटरच्या निगेटिव्हला, तिथून दुसऱ्याला, आणि सिग्नलचं ग्राउंड शेवटच्या कपॅसिटरवरून घ्यायचं. चार्जिंगच्या करंटचे झटके इनपुटच्या ग्राउंडमधून फिरले की १०० हर्ट्झ काही केल्या जात नाही. जॅकची धातूची बॉडी चॅसिसला चिकटते आणि नवा लूप तयार होतो, म्हणून इन्सुलेटेड जॅक.

एसआरपीपी किंवा व्हाइट कॅथोड फॉलोअर, म्हणजे एकावर एक दोन ट्यूब असलेलं सर्किट असेल तर वरच्या ट्यूबचा कॅथोड शंभर-दीडशे व्होल्टवर बसतो, हीटर ग्राउंडला आणि कॅथोड तिकडे, मधल्या इन्सुलेशनवर ताण येतो. डेटाशीटमध्ये त्याची मर्यादा दिलेली असते ती वाचा, आणि बी प्लसवरच्या डिव्हायडरने (व्होल्टेज वाटून देणारे दोन रेझिस्टर) हीटर ५०-६० व्होल्ट वर उचला, त्यासाठी मघाचे १००-१०० ओहम ग्राउंडऐवजी त्या डिव्हायडरला जोडायचे. हमही कमी होतो.

मीटरचा प्रोब टेकवला की प्लेटचं व्होल्टेज उड्या मारतं, आवाज खरखरीत येतो, कारण सापडत नाही, तेव्हा बहुतेक ऑसिलेशन असतं, म्हणजे सर्किट स्वतःच सिग्नल तयार करत असतं. ६डीजे८ सारख्या जास्त जीएमवाल्या (ग्रिडच्या थोड्याशा बदलाला करंट खूप बदलणाऱ्या) ट्यूबला हे फार होतं. ग्रिड स्टॉपर, म्हणजे ग्रिडच्या सिरीजमधला रेझिस्टर, लावा, ३०० ओहम ते १ किलोओहम, पण अगदी सॉकेटच्या पिनला टेकून, दोन इंच वायरच्या पलीकडे लावलेल्याचा उपयोग नाही.

राहिला ऑन करतानाचा धप्प. ट्यूब गरम होताना कॅथोड शून्यापासून शंभर व्होल्टवर चढतो आणि आउटपुट कपॅसिटर त्या वेळी हेडफोनमधूनच चार्ज होतो, नाजूक कॉइल त्यात जाऊ शकते. आउटपुटला १ ते २ किलोओहम ग्राउंडला कायमचा ठेवा आणि ३० ते ६० सेकंदांच्या टाइमरवर रिले लावा जो तोपर्यंत हेडफोन तोडून ठेवेल आणि पॉवर जाताच लगेच सुटेल. रिले नसेल तर अँप ऑन करून मिनिटभर थांबायचं, मग हेडफोन लावायचा, आणि बंद करताना आधी हेडफोन काढायचा.