संध्याकाळचा एक पोल
वर्गाचा व्हॉट्सॲप ग्रुप नुसत्या सूचनांपुरता आणि 'शुभ सकाळ'पुरता ठेवू नका. संध्याकाळी एक पोल टाका: १/२ + १/३ = किती? पर्याय तीनच द्या, ५/६, २/५ आणि १/६. (१२ पर्यंत देता येतात, पण कशाला!) एकाहून जास्त उत्तरं निवडायची सोय आधी बंद करा. मग २/५ ला किती मतं पडली ते बघा. अंशात अंश आणि छेदात छेद मिळवून मोकळी होणारी मुलं तिथेच सापडतात. दुसऱ्या दिवशीचा तास त्याच चुकीपासून सुरू करा, फळ्यावर भाकरी काढून. कोणी काय निवडलं हे ग्रुपमध्ये सगळ्यांना दिसतं, म्हणून वर्गात नाव घेऊन विचारू नका. तसंही तिथे नाव बहुतेक बाबांचंच असतं. १३ वर्षांखालच्या मुलांनी स्वतःचं खातं उघडायचं नसतं.