कमी खर्चात हेल्दी आणि सोपा स्वयंपाक करायचाय? मग या चुका टाळा

आधी स्वतःचीच फजिती सांगतो. एकदा जोशात येऊन ठरवलं की बास झालं बाहेरून मागवणं, आता रोज घरीच शिजवायचं आणि तेही एकदम हेल्दी, आणि त्याच जोशात पालक, मशरूम, दोन रंगांच्या सिमला मिरच्या, कसल्या कसल्या बिया असं पिशव्या भरभरून आणलं. पाचव्या दिवशी पालकाचा चिखल झालेला, मशरूमला बुरशी, आणि त्या आठवड्यात दोनदा बाहेरून मागवलं ते वेगळंच. म्हणजे भाजीचेही पैसे गेले आणि बाहेरच्या जेवणाचेही. तेव्हा डोक्यात प्रकाश पडला की जेवणाचं बजेट दुकानात जेवढं बिघडतं त्यापेक्षा जास्त फ्रिजच्या मागच्या कोपऱ्यात बिघडतं.

आणि हे फक्त माझं रडगाणं नाहीये. संयुक्त राष्ट्रांच्या पर्यावरण कार्यक्रमाचा 2024 चा रिपोर्ट सांगतो की 2022 मध्ये जगभरात साधारण 105 कोटी टन अन्न वाया गेलं आणि त्यातलं जवळपास 60 टक्के घरांमधून. हॉटेलं नाही, दुकानं नाही, तुमच्याआमच्या घरांमधून!

उत्साही माणसासाठी प्लॅन करणं

सगळ्यात मोठी चूक हीच. आपण आठवड्याचा प्लॅन करतो तो सुट्टीच्या दिवशी, पोट भरलेलं असताना, आणि तो अमलात आणायचा असतो कामावरून दमून आलेल्या, भुकेने चिडलेल्या माणसाने. त्या माणसाला पाच भाज्या बारीक चिरायला सांगितल्या तर तो सरळ फोन उचलून ऑर्डर करणार, त्यात त्याची काय चूक. त्यामुळे सात दिवसांचे सात नवीन पदार्थ वगैरे भानगडीत पडू नका. चार दिवस पुरे, त्यातले दोन डोळे मिटून जमतात असे, एक दिवस उरलंसुरलं संपवायचा, आणि एक दिवस अगदीच आणीबाणीचा. आणीबाणीचा म्हणजे घरात कायम असणाऱ्या वस्तूंतून वीस मिनिटांत होईल असं काहीतरी, उदाहरणार्थ अंडी, कांदा-टोमॅटो आणि भात, किंवा मसूर डाळ आणि फ्रोझन मटार. मसूर डाळीला भिजवायचीही गरज नसते, साध्या भांड्यात वीसेक मिनिटांत मऊ होते, दमलेल्या माणसासाठी याहून चांगली गोष्ट मला तरी माहीत नाही.

दुसरं, लिस्ट करायच्या आधी फ्रिज उघडून बघा. साधी गोष्ट आहे पण कोणी करत नाही. घरात काय आहे ते बघून पदार्थ ठरवायचा आणि मग जे कमी पडतंय तेवढंच आणायचं, आपण बरोबर उलटं करतो. नाजूक पालेभाज्या आठवड्याच्या सुरुवातीला, कोबी-गाजर-बीट शेवटी, हा क्रम पाळला तरी निम्मा चिखल वाचतो. आणि कांदे-बटाटे एकाच टोपलीत ठेवू नका, एकमेकांच्या संगतीत दोन्ही लवकर खराब होतात. दोघांनाही अंधारी, कोरडी, हवेशीर जागा लागते, पण वेगवेगळी. बटाटा हिरवा पडला असेल तर त्यात सोलॅनिन नावाचं विष वाढलेलं असू शकतं, थोडासा हिरवा असेल तर तो भाग जाड कापून काढा, जास्त असेल किंवा चव कडू लागली तर अख्खा बटाटा टाका, तिथे काटकसर नको.

ऑफर बघून मोठं पाकीट उचलणं हाही एक सापळा. मोठं पाकीट नेहमी स्वस्त असतंच असं नाही, किलोमागे किती पडतं ते बघा, आणि मुख्य म्हणजे ते संपणार आहे का ते बघा.

कडधान्य शिजतच नाही!

आता यावर जरा सविस्तर बोलू, कारण कमी खर्चात प्रोटीन म्हटलं की डाळी-कडधान्यं पहिल्या नंबरवर. 100 ग्रॅम कोरड्या मसुरात 24 ग्रॅमच्या आसपास प्रोटीन असतं, एका अंड्यात साधारण 6 ग्रॅम, आणि कोरडं कडधान्य शिजल्यावर फुगून अडीच-तीनपट होतं त्यामुळे बघायला थोडं दिसलं तरी पुरतं भरपूर. तरी लोक कडधान्य टाळतात कारण एकदा कधीतरी दोन तास गॅस जाळूनही छोले खडेच राहिलेले असतात.

का राहतात? पहिलं कारण, माल जुना. वर्षानुवर्षं डब्यात पडलेलं कडधान्य कितीही भिजवलं तरी नीट मऊ होत नाही, त्यामुळे डब्यावर तारीख लिहा आणि जुनं आधी वापरा. दुसरं, पाणी जड असणं, त्यातल्या कॅल्शियम-मॅग्नेशियममुळे सालं टणक राहतात. तिसरं आणि सगळ्यात कॉमन, टोमॅटो किंवा लिंबू किंवा व्हिनेगर सुरुवातीलाच टाकणं. आंबट घातलं की कडधान्य मऊ व्हायचं थांबतं, म्हणून आंबट सगळं शेवटी, दाणा बोटाने दाबून चेंदला जातोय हे बघितल्यावरच.

मिठाला मात्र उगाच बदनाम केलंय. मिठाने कडधान्य कडक होतं असं मीही वर्षानुवर्षं मानत आलो होतो, पण उलट भिजवायच्या पाण्यात थोडं मीठ टाकलं तर सालं मऊ व्हायला मदतच होते आणि चवही आतपर्यंत मुरते. खायचा सोडा टाकला की पटकन शिजतं हे खरं, पण त्याने बी-1 व्हिटॅमिन नष्ट होतं आणि जास्त पडला तर चव साबणासारखी, त्यामुळे अगदीच जड पाणी असेल तर चिमूटभर, नाहीतर नकोच.

आणि राजम्याबद्दल एक गोष्ट मात्र चेष्टेवारी नेऊ नका. कच्च्या राजम्यात फायटोहिमॅग्लुटिनिन नावाचं विष असतं, चार-पाच कच्चे दाणे खाल्ले तरी काही तासांत उलट्या-जुलाब सुरू होऊ शकतात. किमान 5 तास भिजवा, ते पाणी फेका, नव्या पाण्यात निदान 10 मिनिटं खळखळून उकळी येऊ द्या आणि मग पूर्ण मऊ होईपर्यंत शिजवा. प्रेशर कुकरमध्ये हा प्रश्न येत नाही कारण आतलं तापमान 100 अंशांच्या वर जातं. गडबड होते ती स्लो कुकरमध्ये, म्हणजे रात्री कच्चा राजमा टाकून झोपलात आणि तो कमी तापमानावर नुसता कोमट कोमट शिजत राहिला तर विष कमी व्हायच्या ऐवजी वाढू शकतं. स्लो कुकर वापरायचाच असेल तर आधी गॅसवर उकळून घ्या. दुकानात मिळणारा डबाबंद (कॅनमधला) राजमा आधीच शिजलेला असतो, त्याची काळजी नाही, फक्त चाळणीत धुऊन घ्या, वरचं बरंच मीठ निघून जातं.

एक ट्रिक, एकदाच भरपूर शिजवा आणि एका वेळेला लागेल तेवढ्या छोट्या पिशव्या करून फ्रीजरमध्ये टाका. गॅसही वाचतो आणि दमलेल्या माणसाची सोयही होते.

एकदाच खूप करून ठेवलं, आणि मग?

भरपूर करून ठेवण्यात एकच धोका, ते ठेवतो कसं. मोठं पातेलं गॅसवरून उतरवलं आणि "थंड झाल्यावर ठेवू" म्हणून ओट्यावर विसरलं, सकाळी बघितलं, वास तर ठीक येतोय, चला गरम करून खाऊ. हे नका करू. साधारण 5 ते 60 अंशांच्या मधे जंतू झपाट्याने वाढतात, शिजवलेलं अन्न बाहेर जास्तीत जास्त 2 तास आणि खूप उकाडा असेल तर 1 तास, बस. मोठं पातेलं मधे कितीतरी तास गरम राहतं, म्हणून पसरट छोट्या डब्यांत वाटून टाका आणि वाफ गेली की फ्रिजमध्ये. पूर्ण गार व्हायची वाट बघायची गरज नाही, छोटा कोमट डबा ठेवल्याने फ्रिज बिघडत नाही.

भाताचं तर अजून वेगळं. तांदळात बॅसिलस सेरियस नावाच्या जंतूचे बीजाणू असतात, ते शिजवल्यावरही मरत नाहीत, भात बाहेर राहिला की ते वाढतात आणि विष तयार करतात आणि ते विष पुन्हा गरम करून जात नाही. म्हणजे "कडकडीत गरम केलाय की" याला काही अर्थ नाही. भात तासाभरात फ्रिजमध्ये आणि एका दिवसात संपवायचा, एकदाच गरम करायचा. बाकीचं शिजवलेलं 3-4 दिवस चालतं, त्यापुढे फ्रीजर. डब्यावर नाव-तारीख लिहाच, नाहीतर दोन महिन्यांनी तो बर्फाचा दगड सूप आहे की काय यावर घरात चर्चा होते, आणि शेवटी कोणीच खात नाही.

चव बिघडली की काय करायचं

हेल्दी म्हणून तेल-मीठ सगळंच काढून टाकलं की जेवण फिकं होतं, घरचे नाक मुरडतात, आणि तिसऱ्या दिवशी सगळे परत चिप्सच्या पाकिटावर. मीठ कमी ठेवायचंच आहे, जागतिक आरोग्य संघटना मोठ्या माणसाला दिवसाला 5 ग्रॅमपेक्षा कमी सांगते, म्हणजे सगळं मिळून जेमतेम एक छोटा चमचा, पण त्याची जागा दुसऱ्या कशानेतरी भरा. शेवटी पिळलेलं लिंबू, परतलेला लसूण, नीट लालसर केलेला कांदा. पदार्थ अळणी वाटला की लगेच मिठाकडे हात जातो, बऱ्याचदा कमी असतो तो आंबटपणा.

भाज्या परतताना पाणी सुटून लगदा होतो ना, त्याचं कारण कढईत गर्दी. भाजीतली वाफ बाहेर पडायला जागा नसेल तर ती भाजली न जाता उकडली जाते. दोन भागांत परता, कढई आधी नीट तापू द्या. फ्रोझन भाजीही वितळवत बसू नका, थेट गरम कढईत टाका. आणि हो, फ्रोझन भाजी कमी पौष्टिक असते हा गैरसमज आहे, ती काढल्यावर लगेच गोठवतात, उलट आपल्या फ्रिजमध्ये आठवडाभर सुकत पडलेल्या "ताज्या" भाजीपेक्षा ती बरी असू शकते.

खारट झालं? कच्चा बटाटा टाका, मीठ शोषून घेतो, हे सगळ्यांनी ऐकलंय. तो शोषतो खारट पाणी, उरलेला रस्सा तेवढाच खारट राहतो. उपाय एकच, पदार्थ वाढवायचा, म्हणजे बिनमिठाची डाळ, भाजी, बटाटे किंवा पाणी घालून. खाली लागलं तर? ढवळू नका! वरचं हलक्या हाताने दुसऱ्या भांड्यात काढा, तळ खरवडायचा नाही, एकदा ढवळलं की करपट वास सगळ्यात गेला म्हणून समजा.

हेल्दीच्या नावाखाली

महागड्या बिया, पावडरी, "हाय प्रोटीन" लिहिलेली बिस्किटं, ज्यूसचे डबे. ज्यूसमधून फायबर बरंचसं निघून गेलेलं असतं आणि साखर राहते, त्यापेक्षा अख्खं फळ स्वस्तही आणि बरंही. पाकिटावर पुढे काय लिहिलंय ते वाचूच नका, मागची यादी वाचा, ज्याचं प्रमाण जास्त ते आधी लिहिलेलं असतं, साखर पहिल्या तिनात असेल तर ठेवून द्या. भाज्या भरपूर पाण्यात उकळून ते पाणी ओतून देणं हीसुद्धा महागडी सवय, सी आणि बी व्हिटॅमिन पाण्यासोबत वाहून जातात, ते पाणी सूपमध्ये किंवा डाळीत वापरा (भिजवलेल्या राजम्याचं नाही हं, ते फेकायचंच). डाळ-पालकातलं लोह अंगी लागायला सोबत लिंबू, टोमॅटो असं काहीतरी सी व्हिटॅमिनवालं हवं, आणि जेवणाला लागून चहा-कॉफी नको, तासभर थांबा.

मुलांसाठी वेगळं ताट

हे सुरू केलंत की संपलं, रोज दोन स्वयंपाक. नवीन भाजी मुलं पहिल्यांदा थुंकतात म्हणून आपण ती आणायचीच बंद करतो, पण मुलांना एखादी चव आवडायला दहा-पंधरा वेळासुद्धा ती समोर यावी लागते. जबरदस्ती नको, एक छोटा तुकडा ताटाच्या कडेला आणि बाजूला त्यांना आवडणारं काहीतरी. तिखट-मसाला वेगळा ठेवून मोठ्यांनी वरून घ्यायचा, मूळ पदार्थ एकच. आमच्याकडे गाजर किसून डाळीत टाकलं तर चालतं, तुकडे केले तर उपोषण. का ते विचारू नका.