घरी बनवा दहा पायऱ्यांचा सिक्वेन्सर: दिवे पळवणं सोपं, सूर टिकवणं अवघड

सिक्वेन्सर म्हणजे पायरीपायरीने ठरलेला व्होल्टेज पाठवून सिंथेसायझरकडून स्वरांची ओळ वाजवून घेणारा डबा. ब्रेडबोर्डवर (सोल्डर न करता जोडणी करायच्या भोकांच्या पाटीवर) एलईडी एकामागून एक पेटायला लागले की बहुतेक जण व्हिडिओ काढतात आणि सिक्वेन्सर झाला म्हणून मोकळे होतात. तो झालेला नसतो. ती पळत्या दिव्यांची माळ असते, आणि तशी माळ गणपतीच्या दिवसांत कुठेही तयार मिळते. तिसऱ्या पायरीवर लावलेला गंधार तासाभराने गंधारच राहिला, तर त्याला सिक्वेन्सर म्हणायचं. माझे पहिले दोन अजून माळ्यावर पडलेत. दिवे उत्तम पळतात.

सामान पुण्याच्या तपकीर गल्लीत एका फेरीत मिळतं: सीडी४०१७ (दहापर्यंत मोजणारी आयसी), एनई५५५ (ठोके देणारी), एलएम३५८ (दोन ऑपअॅम्पची), ७८०९ रेग्युलेटर (१२ व्होल्टचे स्थिर ९ करणारा), १०० के (किलोओहम) चे दहा पॉट, म्हणजे नॉबने फिरणारे रेझिस्टर, १एन४१४८ डायोड आणि बीसी५४७ ट्रान्झिस्टर डझनभर, आयसी बेस, झीरो पीसीबी (सोल्डर करायची भोकांची पाटी), १२ व्होल्टचा अडॅप्टर. पॉटवर ‘बी’ छापलेलं पाहून घ्या, म्हणजे लिनिअर. ‘ए’ म्हणजे लॉग, आवाज कमीजास्त करायचा. त्यावर सगळे वरचे स्वर नॉबच्या दुसऱ्या अर्ध्यात गर्दी करतात. “सेमच आहे हो साहेब” असं ऐकू आलं तर पुढचं दुकान गाठा. नॉब मात्र रविवारी जुन्या बाजारात शोधा. मोडक्या रेडिओंचे नॉब बोटाला नव्यांपेक्षा चांगले लागतात.

घड्याळ

५५५ नेहमीच्या अस्टेबल जोडणीत, म्हणजे ती आपणहून ठोके देत राहते. वरचा रेझिस्टर १० के, खालचा १० के आणि त्याच्याशी सिरीजमध्ये ५०० के चा पॉट, कपॅसिटर १ मायक्रोफॅरड. लय सेकंदाला दीड ठोक्यापासून पन्नासच्या आसपास जाते. ५५५ आउटपुट बदलताना सप्लायला झटका देते, म्हणून तिच्या पायांशीच १०० मायक्रोफॅरड आणि ०.१ मायक्रोफॅरड लावा. नाहीतर ४०१७ एका ठोक्याला दोन पायऱ्या चढते.

मोजणी

४०१७ चे आउटपुट ओळीने येत नाहीत. पहिल्या पायरीपासून दहाव्यापर्यंत पिनांचा क्रम ३, २, ४, ७, १०, १, ५, ६, ९, ११ असा आहे. कागदावर लिहून बोर्डाशेजारी चिकटवा. पाठ आहे म्हणणाराच चुकतो. घड्याळ पिन १४ ला. पिन १३ आणि १५ दोन्ही १० के मधून ग्राउंडला. या दोन मोकळ्या ठेवल्या तर बोर्डाजवळ नुसता हात नेला तरी ती घरातल्या विजेचे ५० हर्ट्झ पकडते आणि मनाला येईल तशी थांबते, पळते, परत पहिल्या पायरीवर येते.

पिन १३ ला ९ व्होल्टला जोडणारा स्विच द्या, म्हणजे सिक्वेन्सर हव्या त्या पायरीवर थांबवता येतो. सोडताना कधीकधी एक पायरी जास्तीची पडते. तो आयसीचा स्वभाव आहे, तुमची चूक नाही.

किती पायऱ्या ठेवायच्या ते रीसेट ठरवतं. मूग या सिंथेसायझर कंपनीच्या ९६० सिक्वेन्सरमध्ये आठ होत्या आणि जग आठालाच चिकटून बसलं. ४०१७ दहा देते, म्हणजे आयता झपताल. पिन ९ रीसेटला, म्हणजे १५ ला, जोडली की आठ, केरवा. पिन ६ जोडली की सात, रूपक. पिन ५ जोडली की सहा, दादरा. रोटरी स्विच लावा आणि झपतालासाठी एक घर रिकामं सोडा. आठातच अडकायचं असेल तर तयार मशीन घ्या, स्वस्त पडेल.

नॉबपासून सुरापर्यंत

इथपर्यंत कुणीही येतं. वाट लागते ती यापुढे, आणि नेटवरचे बहुतेक आराखडे हा भाग दोन ओळींत उरकतात. प्रत्येक आउटपुटला पॉटचं वरचं टोक, खालचं टोक ग्राउंडला, मधल्या पायातून डायोड, सगळ्या डायोडांची दुसरी टोकं एका तारेवर, त्या तारेवरून १ मेगचा रेझिस्टर ग्राउंडला. कागदावर हे बरोबरच आहे. माझ्या आयुष्याचे चार महिने त्या कागदात गेले.

पहिली गडबड एलईडीची. आराखड्यात एलईडी सरळ आउटपुटवरच टांगलेला असतो. ४०१७ च्या आउटपुटमध्ये तेवढा दम नाही. एलईडीने करंट ओढला की तिथला व्होल्टेज खाली बसतो. मी हौसेने लाल आणि निळे एलईडी आलटूनपालटून लावले होते. दोन नॉब अगदी एकाच जागी असूनही स्वर वेगळे यायचे, आणि मी आठवडाभर पॉट बदलत बसलो. एलईडी बीसी५४७ मधून पेटवा: आउटपुटवरून १०० के बेसला, एमिटर ग्राउंडला, कलेक्टरवर १.५ के आणि एलईडी. दहा ट्रान्झिस्टर जास्तीचे लागतात. लागू देत.

दुसरी गडबड ऑपअॅम्पची, म्हणजे त्या तारेवरचा व्होल्टेज खाली न बसवता पुढे पोचवणाऱ्या आयसीची. जो तो टीएल०७२ घ्या म्हणतो, कारण ती आवाजाला चांगली. ती चांगली आहेच, पण दुहेरी, म्हणजे अधिक-उणे सप्लायवर. एकेरी सप्लायवर तिची इनपुट ग्राउंडजवळ गेली की आउटपुट उलटून वरच्या टोकाला जाऊन बसतं. मी मंद्र सप्तकातला स्वर लावायला नॉब खाली आणायचो आणि सिंथेसायझर किंचाळायचा. शेजारच्या काकूंनी दारावर येऊन विचारलं, “अरे, मांजर अडकलंय का कुठे?” एलएम३५८ घ्या. तिची इनपुट ग्राउंडपर्यंत चालते. तिला सप्लाय ७८०९ च्या अलीकडून, थेट १२ व्होल्टचा द्या, म्हणजे वरच्या टोकालाही नॉब वाया जात नाही.

तिसरी गोष्ट सगळ्यात महत्त्वाची, आणि ती मला कुणीच सांगितली नाही. बहुतेक सिंथेसायझरना १ व्होल्टला एक सप्तक लागतं. (कोर्ग एमएस-२० वेगळा आहे, त्यावर खालचे आकडे चालणार नाहीत.) म्हणजे दोन शेजारच्या स्वरांत ८३ मिलिव्होल्ट. पॉट आठ-साडेआठ व्होल्ट देतो, म्हणजे पावणेतीनशे अंशांच्या फेरीत आठ सप्तकं. एका स्वराच्या वाट्याला तीन अंशही येत नाहीत. शिंक आली तरी राग बदलतो. म्हणून एलएम३५८ च्या पहिल्या अर्ध्यानंतर १० के चा २५ फेऱ्यांचा प्रीसेट (स्क्रूड्रायव्हरने फिरवायचा छोटा पॉट) लावा, त्याच्या मधल्या पायावरून दुसऱ्या अर्ध्यात जा, आणि नॉब पूर्ण वर असताना बाहेर बरोबर २ व्होल्ट येतील असा तो फिरवा. आता दोन सप्तकं आणि स्वराला अकरा अंश. आउटपुटवर १० के ग्राउंडला, १ के जॅककडे.

याचा एक फायदा मला उशिरा कळला. डायोडमधला व्होल्टेज तापमानाबरोबर अंशाला सुमारे २ मिलिव्होल्ट बदलतो. प्रीसेट नव्हता तेव्हा डिसेंबरच्या रात्री लावलेला सिक्वेन्सर मेच्या दुपारी अर्धा सेमीटोन चढला होता. सगळेच स्वर सारखे चढतात, त्यामुळे एकट्याने वाजवलं तर कळतही नाही. पेटीबरोबर बसलं की दात आंबतात. प्रीसेटने व्होल्टेजचा चौथा हिस्सा केल्यावर ती चूक १० मिलिव्होल्टवर येते.

आणि ९ व्होल्टची बॅटरी वापरू नका. ती ८ ला उतरली की दीड व्होल्टवरचा तार सा कोमल निषादाच्याही खाली जातो, आणि खालचे स्वर कमी घसरल्यामुळे अंतरंही बिघडतात. अडॅप्टर, ७८०९, बस्स. वाद नको.

सूर लावणं

थांबवायचा स्विच ओढा, मल्टिमीटर आउटपुटला, एकेक पायरी घ्या. सा १.००० व्होल्टवर धरला तर भूप असा: रे १.१६७, ग १.३३३, प १.५८३, ध १.७५०. हे पेटीचे स्वर झाले. तंबोरा लावून बसणार असाल तर गंधार १.३२२ वर आणि धैवत १.७३७ वर आणा, मग तो तंबोऱ्यात मिसळतो. कीबोर्डवर हे बसल्या बसल्या होत नाही, इथे नॉब केसभर फिरवला की झालं. माझ्या मते हा डबा बनवायचं हे एकच खरं कारण आहे. “आर्डुइनो का नाही वापरत?” असं विचारणाऱ्यांना मी हा गंधार ऐकवतो.

गेटसाठी, म्हणजे स्वर कधी सुरू आणि कधी बंद हे सिंथेसायझरला सांगणाऱ्या सिग्नलसाठी, ५५५ च्या पिन ३ वरून १० के आणि १२ के ची विभागणी. साधारण ४ व्होल्ट येतात, पुरतात.

डबा म्हणून मॉड्युलर स्विचबोर्डचा प्लास्टिक बॉक्स चालतो. दोन नॉबांच्या मध्यांमध्ये २५ मिलिमीटर ठेवा, त्याहून कमी केलंत तर शेजारचा स्वर हलतो. भोकं बोर्ड बसवण्याआधी पाडा. माझ्या तिसऱ्या सिक्वेन्सरच्या खालून अजून ड्रिलचा चुरा गळतो.