नव्या सिस्टरला घडवताना अनुभवी परिचारिकांनी या चुका टाळाव्यात

नागपुरातील कोणत्याही मोठ्या रुग्णालयाच्या मेडिसिन वॉर्डात सकाळी दिसणारे हे दृश्य आहे. नुकतीच रुजू झालेली सिस्टर एका वृद्ध रुग्णाच्या हाताला टूर्निकेट, म्हणजे शीर फुगवणारा पट्टा, बांधून शीर चाचपत असते. पहिला प्रयत्न फसलेला असतो, टोचलेल्या जागी सूज आलेली असते आणि रुग्णाचा मुलगा तिच्या हातांकडे टक लावून पाहत असतो. तेवढ्यात मागून वीस वर्षे नोकरी झालेली सिस्टर येते, "सरक बाई, दे इकडे" म्हणते, निळे इंट्राकॅथ, म्हणजे शिरेत बसवायची सुई-नळी, हातात घेते आणि अर्ध्या मिनिटात लाईन सुरू करून पुढच्या खाटेकडे निघून जाते. राउंडच्या आधी काम होते, रुग्णाचीही सोय होते. नव्या मुलीच्या पदरात मात्र आपल्याला हे जमत नाही, एवढीच समजूत पडते.

मी स्वतः हे कितीतरी वेळा केले आहे आणि प्रत्येक वेळी आपण मदतच केली, असे मला प्रामाणिकपणे वाटत असे. अनुभवी परिचारिकेचे ज्ञान तिच्या हातांत आणि नजरेत साठलेले असते. ते तिने बोलून दाखवले नाही, तर शेजारी उभ्या असलेल्या मुलीपर्यंतही पोहोचत नाही. नेतृत्वात कमी पडणाऱ्या ज्या चांगल्या सिस्टर मी पाहिल्या, त्यांतील बहुतेकींचे गाडे इथेच अडलेले होते.

हातातले काम काढून घेणे

अशा वेळी शेजारी उभे राहावे, हात मागे बांधावेत आणि आपण काय पाहतो ते हळू आवाजात सांगावे: "ही शीर जाड दिसते, पण वयस्कर माणसाची शीर सुईखालून सरकते, म्हणून अंगठ्याने खालची कातडी ताणून धर, टूर्निकेट थोडे सैल कर, नाहीतर शीर फुटेल, सुई जरा आडवी ठेव." दोन प्रयत्नांत जमले नाही, तर रुग्णाला आणखी त्रास न देता आपण पुढे व्हावे, पण तेव्हाही बोलणे थांबवू नये. रुग्ण अत्यवस्थ असेल तर अर्थातच शिकवणे बाजूला ठेवून काम हातात घ्यावे लागते. मात्र तो स्थिर झाल्यावर दहा मिनिटे काढून काय घडले, हे त्या मुलीला सांगितलेच पाहिजे, आणि नेमकी हीच दहा मिनिटे आपल्याकडे राहून जातात.

अमेरिकन परिचर्यातज्ज्ञ पॅट्रिशिया बेनर यांनी १९८४ मध्ये परिचारिकेच्या वाटचालीचे नवशिकी ते तज्ज्ञ असे पाच टप्पे मांडले. नवशिकी नियमाला धरून चालते, तर तज्ज्ञ परिचारिकेला संपूर्ण परिस्थिती एका नजरेत उमगते आणि ती कशी उमगली, हे तिला स्वतःलाही चटकन सांगता येत नाही, ही त्यांच्या मांडणीतली गोष्ट आपल्या कामाशी थेट जुळते.

मे महिन्यातला कोल्ड वॉर्ड, म्हणजे उष्माघाताच्या रुग्णांचा वॉर्ड, आठवून पाहावा. नवतपाच्या दिवसांत दुपारी तीन वाजता एक बांधकाम मजूर स्ट्रेचरवरून येतो. अंग भाजल्यासारखे तापलेले, बोलणे असंबद्ध, काखेत ताप १०४ अंश फॅरेनहाइट. नव्या सिस्टरला ताप दिसतो आणि तिचा हात पॅरासिटामॉलकडे जातो. अनुभवी सिस्टरला असंबद्ध बोलणे दिसते. उष्माघात असावा, हे ओळखून ती डॉक्टरांना हाक मारतानाच कपडे सैल करायला, ओली चादर, पंखा आणि मान, काखा व जांघांत बर्फाच्या पिशव्या लावायला सांगते. उष्माघातात मेंदूने तापमानाची पातळी वर नेल्याने ताप चढलेला नसतो, शरीराची उष्णता बाहेर टाकण्याची क्षमताच संपलेली असते, म्हणून पॅरासिटामॉलचा उपयोग होत नाही. शिवाय काखेतले तापमान शरीराच्या आतील तापमानापेक्षा कमी भरते, म्हणून गुदमार्गाने मोजावे लागते. आणि ते साधारण १०२ अंशांवर आले की बर्फ काढावा लागतो, अन्यथा अंग गरजेपेक्षा जास्त थंड पडते. एवढे सारे त्या सिस्टरच्या डोक्यात काही सेकंदांत होऊन जाते. त्या धावपळीत नुसते "बर्फ आण" म्हटले, तर नवी मुलगी बर्फ आणायला शिकते. "बोलणे असंबद्ध आहे, हा साधा ताप नाही, बर्फ आण" असे म्हटले, तर पुढच्या रुग्णाचे बोलणे ती स्वतः ऐकेल.

चूक कळल्यावर सर्वांसमोर बोलणे

आपल्याकडे इन्सुलिन ४० युनिट प्रति मिली आणि १०० युनिट प्रति मिली अशा दोन तीव्रतांत मिळते. ४० च्या सिरिंजचे टोपण लाल असते, १०० च्या सिरिंजचे नारिंगी. १०० चे इन्सुलिन चुकून लाल टोपणाच्या सिरिंजमध्ये भरले, तर खूण बरोबर असूनही अडीचपट मात्रा रुग्णाला जाते. एका नव्या सिस्टरच्या हातून असे होता होता राहिले, कारण टोचण्याआधी तिनेच येऊन टोपणाच्या रंगाबद्दल शंका विचारली. "एवढेही कळत नाही का? कॉलेजात काय शिकलीस?" असे तिला नातेवाइकांसमोर ऐकावे लागले. बोलणारी सिस्टर कामाला अतिशय पक्की होती. त्यानंतर त्या मुलीने त्या वॉर्डात शंका विचारणे बंद केले, आणि माझ्या मते त्या दिवशी त्या वॉर्डातला प्रत्येक रुग्ण थोडा अधिक असुरक्षित झाला.

नवी सिस्टर काही विचारत नाही, अशी तक्रार असेल तर आधी मागच्या महिन्यात तिच्या प्रश्नांना कोणती उत्तरे मिळाली, ते आठवून पाहावे. चूक झाली तर रुग्णाची काळजी आधी घ्यावी, डॉक्टरांना कळवावे, नोंद करावी आणि मग त्या मुलीशी ट्रीटमेंट रूमचे दार लावून बोलावे. "तू वेळेवर सांगितलेस हे बरे केलेस" हे वाक्य आधी यावे. दोन्ही सिरिंज एकाच ट्रेमध्ये का ठेवल्या होत्या, हा प्रश्न तिला विचारण्याऐवजी स्वतःला विचारावा, कारण ट्रे लावण्याची जबाबदारी वॉर्डाच्या इन्चार्जकडे असते.

सहज बोललेले शब्द

विदर्भात सिकलसेलचे रुग्ण वॉर्डाला नवीन नाहीत. वीस-बावीस वर्षांचा मुलगा वेदनेची लाट येऊन दाखल होतो, बाहेरून धडधाकट दिसतो आणि दर काही तासांनी इंजेक्शन मागतो. "याला सवय लागली आहे, नाटक करतो," असे एखादी ज्येष्ठ सिस्टर ओव्हर देताना, म्हणजे पाळी बदलताना रुग्णांची माहिती सोपवताना, सहज बोलून जाते. लहान रक्तवाहिन्यांत विळ्याच्या आकाराच्या पेशी अडकून रक्तपुरवठा तुटल्याने होणारी ही वेदना बाहेरून दिसत नाही, हे नवीने पुस्तकात वाचलेले असते. पण त्या क्षणापासून ती पुस्तकापेक्षा ज्येष्ठ सिस्टरवर अधिक विश्वास ठेवते. मुद्दाम शिकवलेले पाठ मुली विसरतात, जाता जाता कानावर पडलेले असे वाक्य मात्र वर्षानुवर्षे वॉर्डात फिरत राहते. म्हणून ओव्हर रुग्णाच्या खाटेजवळ द्यावे आणि वेदना रुग्णाला विचारून दहापैकी किती, अशी सांगावी.

"समजले ना?" हा प्रश्नही टाळावा, कारण त्याचे उत्तर नेहमी होकारार्थीच येते. त्याऐवजी "आता तू मला सांग, पोटॅशियम क्लोराइड पातळ न करता थेट शिरेत का देत नाहीत?" असे विचारावे.

डॉक्टरांना रात्री फोन करण्याचे काम ज्येष्ठ सिस्टर स्वतःकडे ठेवतात, कारण नवी मुलगी घाबरते आणि अडखळते. फोन तिलाच करू द्यावा. आधी कागदावर चार ओळी लिहून घ्याव्यात: आता काय घडत आहे, रुग्णाची पार्श्वभूमी काय, मला काय वाटते, तुमच्याकडून काय हवे आहे. एसबार नावाने ओळखली जाणारी ही पद्धत अडखळणाऱ्या मुलीला मोठा आधार देते.

सगळे स्वतःकडे ठेवणे

आणखी एक चूक परिसेविकेच्या, म्हणजे वॉर्डाच्या इन्चार्ज सिस्टरच्या, खुर्चीवर बसल्यावर होते. जी नवी मुलगी चटपटीत असते, तिलाच प्रत्येक गंभीर रुग्ण, प्रत्येक नाइट आणि प्रत्येक विद्यार्थिनी सोपवली जाते. काही महिन्यांत ती थकते किंवा नोकरी सोडते आणि मागे राहिलेल्यांना काहीच आलेले नसते. ड्युटी लावताना नवीसोबत कोण असेल, हे नावानिशी लिहावे आणि त्या पाळीत त्या ज्येष्ठ सिस्टरकडे दोन रुग्ण कमी द्यावेत. मनुष्यबळ अपुरे असते, हे मला पूर्ण ठाऊक आहे, तरीही किमान पहिल्या महिन्यात एवढे करता येते.

इंडेंट, म्हणजे सामानाचे मागणीपत्र, कधी भरायचा, डेड स्टॉकची, म्हणजे टिकाऊ सामानाची, वही कशी जुळवायची, क्रॅश कार्टमधील, म्हणजे तातडीच्या उपचारांच्या गाडीतील, कोणते औषध कोणत्या महिन्यात मुदतबाह्य होते, हे बहुतेक वॉर्डांत एकाच सिस्टरला माहीत असते, आणि तिच्या निवृत्तीच्या दिवशी निरोप समारंभानंतर घाईघाईने किल्ल्यांचा जुडगा दुसरीच्या हातात पडतो. निवृत्तीला वर्ष राहिले असतानाच आठवड्यातून एक दिवस वॉर्डाचा चार्ज दुसरीला द्यावा. त्या दिवशी नियमांच्या चौकटीत किल्ल्याही तिच्याकडेच राहतील असे पाहावे आणि आपण एका सहा खाटांच्या भागात साध्या स्टाफ नर्सचे काम करावे. ती चार्जमध्ये पहिल्यांदा गोंधळेल तेव्हा आपण त्याच वॉर्डात, हाकेच्या अंतरावर असू.